आवक

वखारीच्या माडीवर आमचं ऑफिस.
खाली आता तंबाखू नाही,
दोन टेंपो आणि पाण्याची टाकी आहे,
तरी पहिला महिनाभर मी शिंकत होते.
चंबण्णा हसले : पोरी, भिंतीतला माल अजून उठला नाही.

निपाणीच्या पेठेत चाळीस वर्षं त्यांनी काटा धरला.
आता सव्वानऊच्या आधी येतात, चपला दारात काढतात
आणि माझ्या स्क्रीनवर किंमत सोडून
खालच्या हिरव्या-लाल कांड्या बघतात.
भाव काय, कुणीबी बोलंल. माल किती हलला ते सांग.

त्या मंगळवारी बेंगळूरच्या एका कंपनीवर बोट ठेवलं.
सॉफ्टवेअरचं काहीतरी. ते काय, त्यांनी विचारलं नाही;
मलाही ठाऊक नव्हतं.
दिवसाला तीस हजार शेअर हलायचे तिथं
नऊ लाख, अकरा लाख, काल चौदा,
आणि घरी कुणीच नेत नव्हतं :
डिलिव्हरी शंभरात चार.

शहात्तर साली एक शेठ होता गं, म्हणाले.
सोळा गाड्या. सकाळी नाक्यातून आत,
पेठेतनं मिरवून मागच्या वाटेनं सौंदलग्याकडं,
पल्याड कागलच्या हद्दीत बैलांना पाणी,
दुपारी परत आत.
कारकून दोन्ही वेळा पावती फाडायचा.
सांजच्याला गावभर : बत्तीस गाड्या आवक!
भाव पडला, शेठनं उचलला.
शिंगं मी वळखत होतो की.
बोललो नाही. पगार त्याचाच होता.

मग काचेवर नख वाजवून :
ह्या त्याच गाड्या. वीक दोन हजार.

तुमच्याकडं एकही नाही, मी म्हटलं.

म्हणून तर वीक. तिनाला घेऊन देऊ परत. हौदल्ल?

एफ-टू. दोनशे बारा.
नसलेलं विकायला एक बोट पुरतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी शेअर वरच्या सर्किटला लागला.
दोनशे सेहेचाळीस.
घेणाऱ्यांच्या रांगेत सहा लाख,
विकणाऱ्यांच्या जागी
शून्य.
इतका वेळ उड्या मारणारी कांडी
जागच्या जागी थिजली.
चंबण्णांचा डावा हात आपोआप वर गेला,
पारडं धरल्यासारखा, आणि तिथंच राहिला.
काटा अडकला, म्हणाले. तोल होईना.
तीन वीसपर्यंत मी एफ-वन दाबत होते.
किती वेळा ते सांगत नाही.

मग लिलाव.
जे त्यांच्याकडं कधी नव्हतं ते
दोनशे चौसष्टनं विकत घेऊन
कुणा अनोळखी माणसाला पोचतं केलं.
एक लाख चार हजार. वर दंड, वर जीएसटी.
सूनबाईंना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.
दलाली आम्हाला दोन्ही बाजूंनी मिळाली;
माझा पगार त्या महिन्यात वेळेवर झाला.

एकोणीस दिवसांनी कंपनीला नोटीस आली.
एकाच घरातली अकरा खाती,
आपसातच घेत होती, आपसातच विकत होती.
शेअर रोज खालच्या सर्किटला : दीडशे, एकशेवीस, एकसष्ट.
मी फोन केला नाही. तेच आले,
नेहमीपेक्षा उशिरा, पायऱ्यांवर दोनदा थांबून.

बघा, म्हटलं, तुमचंच खरं झालं.
किमतीकडं त्यांनी मान वळवली नाही.
आज किती हलला?
काहीच नाही. विकणारे सगळे, घेणारं कोण नाही.

खिडकीतून हायवेकडं बघत राहिले थोडा वेळ.
नाका दिसत नाही इथून, मधे फ्लायओव्हर आलाय.

बैलं पल्याड पाण्यावर असतील,
म्हणाले, आणि पायानंच चपला शोधू लागले.